आधुनिक इंग्रजी कादंबरी आणि बदलता समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी आणि निव्वळ आवडीने वाचणारे, दोघांनाही पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे हात आखडता घेतलेला नाही.

'आधुनिक' म्हणताना नेमका कोणता काळ धरायचा?

ढोबळमानाने १८९० ते १९४०. थॉमस हार्डीची शेवटची कादंबरी एका टोकाला आणि व्हर्जिनिया वुल्फचा मृत्यू (१९४१) दुसऱ्या टोकाला. पण कायदे आणि शाळा यांची गोष्ट १८७० पासून सुरू होते आणि तिचे परिणाम १९६० पर्यंत पोचतात, म्हणून खालची उत्तरं दोन्ही बाजूंनी थोडी कुंपण ओलांडतात.

राजकीय-सामाजिक बदलांचा परिणाम म्हणजे कादंबरीत संप, निवडणुका, युद्ध यांचं चित्रण, एवढंच ना?

तसं असतं तर त्यात आधुनिक कादंबरीचं वेगळेपण काहीच उरलं नसतं. मँचेस्टरचे गिरणी कामगार आणि त्यांची उपासमार एलिझाबेथ गॅस्केलने 'मेरी बार्टन'मध्ये १८४८ सालीच आणली होती. १८३४ च्या गरिबांसाठीच्या कायद्यावर आणि त्यातून उभ्या राहिलेल्या अनाथ-निराधारांच्या कोंडवाड्यांवर डिकन्स 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये तुटून पडला होता. जॉर्ज एलियटची 'मिडलमार्च' (१८७१-७२) तर १८३२ च्या मताधिकार सुधारणेच्या उंबरठ्यावर घडते. विषय म्हणून राजकारण इंग्रजी कादंबरीत केव्हाचंच होतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. समाजातला बदल विषय होऊन पानावर येतो, त्याच्या बराच आधी तो मागच्या दाराने आत शिरलेला असतो: पुस्तकाच्या किमतीतून, शाळेच्या फीतून, विवाहितेच्या मालमत्तेच्या कायद्यातून, खटल्याच्या भीतीतून. कोण लिहू शकतं, कोण विकत घेऊ शकतं आणि कशासाठी तुरुंगात जावं लागतं, हे बदललं की कादंबरीचा घाट बदलतो. तेव्हा एखादी कादंबरी समजून घेताना तिच्यात किती राजकारण आहे यापेक्षा ती कितीला मिळत होती, हे आधी पाहावं.

पुस्तकाच्या किमतीचा कादंबरीच्या घाटाशी काय संबंध?

फार जवळचा. व्हिक्टोरियन काळात नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघायची आणि तिची किंमत असायची साडेएकतीस शिलिंग. कित्येक कामगारांच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा ही रक्कम जास्त होती. त्यामुळे मध्यमवर्गही पुस्तक विकत घेत नसे, वर्गणी भरून वाचनालयातून आणत असे. यातलं सर्वांत मोठं नाव चार्ल्स एडवर्ड म्युडीच्या वाचनालयाचं, १८४२ सालचं. वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरली की एका वेळी एक खंड घरी. तीन खंड म्हणजे एकाच कादंबरीवर तीन वाचक बसवता येतात. वाचनालयाला हे गणित सोयीचं आणि घाऊक खरेदीमुळे प्रकाशकालाही.

लेखकाच्या वाट्याला मात्र दोन जाच आले. एक, गोष्ट असो वा नसो, तीन खंड भरायचे. दुसरा जास्त गंभीर. म्युडीने घ्यायला नकार दिला तर कादंबरी मेलीच. आणि म्युडीची कसोटी होती घरातल्या तरुण मुलीसमोर मोठ्याने वाचता येईल की नाही ही. जॉर्ज मूरची पहिली कादंबरी याच चाळणीत अडकली. चिडून त्याने पुढची कादंबरी सरळ एका खंडात, सहा शिलिंगांना बाजारात आणली आणि १८८५ साली वाचनालयांच्या या दाईगिरीवर एक जळजळीत पत्रक काढलं. त्याचा प्रकाशक हेन्री व्हिझटेली याला पुढे १८८९ मध्ये फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाची भाषांतरं छापल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं.

गंमत अशी, की ही व्यवस्था लेखकांच्या बंडाने मोडली नाही. १८९४ मध्ये म्युडी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या दोन्ही वाचनालयांनी जाहीर केलं की यापुढे एका खंडाला चार शिलिंगांपेक्षा जास्त देणार नाही. जागा आणि नफा यांचा हिशेब होता तो, साहित्याचा नव्हे. पण तीन-चार वर्षांत तीन खंडी कादंबरी जवळजवळ नाहीशी झाली. आटोपशीर, एका सुरात लिहिलेली, शेवटी सगळ्या पात्रांची लग्नं लावून देण्याची सक्ती नसलेली कादंबरी त्यानंतरच मोकळेपणाने वाढली.

हार्डीने कादंबरी लिहिणं का सोडलं?

'ज्यूड द ऑब्स्क्युअर' (१८९५) वरून उठलेलं वादळ हे कारण नेहमी दिलं जातं आणि स्वतः हार्डीनेही ते दिलं. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर राहिलेला पाथरवट कारागीर, लग्नाशिवाय एकत्र राहणारं जोडपं, मुलांचा भयंकर शेवट: वेकफील्डच्या बिशपने पुस्तक आगीत टाकल्याचं जाहीर केलं. लेखकाला जाळता येत नाही म्हणून हताशेने पुस्तक जाळलं असावं, असा टोला हार्डीने नंतर हाणला. तो पुढे तेहतीस वर्षं जगला, कविता लिहीत.

१८७० च्या शिक्षण कायद्याने नेमकं काय केलं?

इंग्लंड-वेल्समध्ये जिथे शाळा नव्हत्या तिथे करातून प्राथमिक शाळा उभ्या करण्याची सोय केली. १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली, १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षण बहुतेक ठिकाणी मोफत. याचा पहिला परिणाम म्हणून स्वस्त साप्ताहिकं आणि चटकदार मजकुराचा मोठा बाजार तयार झाला. जॉर्ज गिसिंगची 'न्यू ग्रब स्ट्रीट' (१८९१) त्याच बाजारात भरडल्या जाणाऱ्या लेखकांची कडवट गोष्ट आहे. काही अभ्यासक तर म्हणतात की उच्चभ्रू आधुनिकतावाद्यांनी मुद्दाम अवघड लिहिलं ते या नव्या वाचकाला दाराबाहेर ठेवण्यासाठी. मला हे अर्धंच पटतं. टी. एस. एलियट-वुल्फ यांच्या वर्तुळात तो तुसडेपणा होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच शाळांतून लेखकही बाहेर पडले, आणि त्यांच्याकडे या सिद्धांताचं लक्ष जात नाही.

कोण लेखक? एखादं उदाहरण?

डी. एच. लॉरेन्स. नॉटिंगहॅमशायरमधलं ईस्टवुड हे कोळसा खाणींचं गाव. वडील खाणकामगार, आईला शिक्षणाची ओढ. काउंटीची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तो नॉटिंगहॅमच्या हायस्कुलात गेला, पुढे शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि लंडनजवळ क्रॉयडनला प्राथमिक शाळेत शिकवू लागला. चाळीसएक वर्षं आधी जन्माला आला असता तर बारा-तेराव्या वर्षी बापामागे खाणीत उतरला असता.

'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) मधलं खाणकामगाराचं घर वाचताना गॅस्केलची आठवण काढावी आणि फरक पाहावा. गॅस्केल सहानुभूतीने, पण बाहेरून बघते. तिचा वाचकही बाहेरचाच असतो आणि त्याला ती त्या घरात हात धरून नेते. लॉरेन्स आतून बोलतो. बाप खाणीतून आल्यावर चुलीपुढे अंग धुतो, पगाराच्या दिवशी पैशांची वाटणी होते, बापाची बोली आणि आईची 'शुद्ध' भाषा एकमेकांना टोचत राहतात. शिकलेला मुलगा आईच्या भाषेकडे झुकतो आणि बापाला मुकतो. शिक्षणाने मिळालेल्या बढतीची ही किंमत इंग्रजी कादंबरीत इतक्या जवळून आधी कोणी मोजली नव्हती. आपल्याकडे पहिल्या पिढीत शिकलेल्या कोणालाही ती पानं वाचताना दुभाष्या लागत नाही.

स्त्रियांच्या हक्कांच्या लढ्याने कादंबरीत काय बदललं?

कथानकाचा शेवट. जुन्या कायद्यानुसार लग्न होताच बाईची कमाई आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची व्हायची. १८७० आणि विशेषतः १८८२ च्या कायद्याने विवाहितेची मालमत्ता तिची राहू लागली. घटस्फोटासाठी नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र त्याच्या जोडीला आणखी एखादा गुन्हा सिद्ध करावा लागे. ही तफावत १९२३ पर्यंत टिकली. मताधिकार १९१८ मध्ये तिशीवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मिळाला, पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये.

लग्न हाच आयुष्याचा एकमेव आर्थिक करार असतो तेव्हा कादंबरी लग्नापाशी संपते, आणि त्यात काही खोटं नसतं. तो करार सैल झाल्यावर कादंबरीला लग्नानंतरचं आयुष्य, लग्नाबाहेरचं आयुष्य, पन्नाशीतली एकटी बाई हे सगळं दिसू लागलं. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) ची नायिका पन्नाशी ओलांडलेली आहे आणि तिचं लग्न होऊन काही दशकं लोटली आहेत.

वुल्फने केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांत १९२८ साली दिलेल्या व्याख्यानांतून 'अ रूम ऑफ वन्स ओन' तयार झालं. स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड, ही त्यातली मागणी सगळ्यांना पाठ असते. आत्याकडून आलेला वारसा आणि मताचा हक्क या दोन बातम्या एकाच सुमारास आल्या आणि त्यांत पैसा जास्त महत्त्वाचा वाटला, असं त्या पुस्तकातली निवेदिका साफ सांगते, हे मात्र भाषणांतून वगळलं जातं. वुल्फ दांपत्याने १९१७ मध्ये हातछपाईचं यंत्र घेऊन होगार्थ प्रेस सुरू केली, हेही त्याच हिशेबातलं. स्वतःचा छापखाना असलेल्या लेखिकेला म्युडीच्या वारसदारांची पर्वा करावी लागत नाही.

"डिसेंबर १९१० च्या सुमारास मानवी स्वभाव बदलला" हे वुल्फचं वाक्य गंभीरपणे घ्यायचं का?

अर्धं थट्टेने, अर्धं गंभीरपणे; तिनेही तसंच लिहिलं आहे. त्या वर्षी राजा सातवा एडवर्ड वारला, उमराव सभेच्या अधिकारांवरून दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि लंडनमध्ये सेझान-व्हॅन गॉग यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाने खळबळ माजवली. पण तिने दिलेला दाखला स्वयंपाकिणीचा आहे. जुन्या काळची स्वयंपाकीण तळघरात, नजरेआड आणि मुकाट असायची. नवी दिवाणखान्यात ये-जा करते, कधी वर्तमानपत्र मागायला, कधी टोपीबद्दल मत विचारायला. राजापेक्षा स्वयंपाकिणीवरून काळ ओळखणं मला फार नेमकं वाटतं. (वुल्फच्या रोजनिशीत स्वतःच्या स्वयंपाकिणीशी झालेल्या कटकटींनी किती पानं खाल्ली आहेत ते वाचलं की या दाखल्यातली कळ जास्त समजते.)

पहिल्या महायुद्धामुळेच संज्ञाप्रवाही लेखन आलं, हे खरं आहे का?

नाही. पात्राच्या मनातले विचार जसे येतात तसे मांडायचे, या तंत्राचं डॉरोथी रिचर्डसनचं पहिलं पुस्तक १९१५ मध्ये निघालं आणि ते युद्धाबद्दल नाही. जेम्स जॉइसही युद्धाआधीपासून त्या दिशेने चालला होता. युद्धाने तंत्र जन्माला घातलं नाही, त्याला काम दिलं.

१ जुलै १९१६ या एका दिवशी, सोमच्या लढाईत, ब्रिटनचे १९,२४० सैनिक मेले. संपूर्ण युद्धात सात लाखांहून अधिक ब्रिटिश सैनिक गेले. अशा घटनेची सरळ, सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट सांगायची कशी? 'टू द लाइटहाउस' (१९२७) मध्ये वुल्फने मोठ्या मुलाचा मृत्यू चौकटी कंसात, दोन वाक्यांत उरकला आहे. रिकामं घर, गळणारं छप्पर, धूळ यांना पानंच्या पानं आणि माणसाला कंस. पहिल्यांदा वाचताना हे क्रूर वाटतं. पण तारेने बातमी आलेल्या घरांना मृत्यूचा तेवढाच तपशील मिळत होता.

'मिसेस डॅलोवे'मधला सेप्टिमस स्मिथ युद्धातून परतलेला कारकून. धक्क्याने खचलेला, मेलेला मित्र त्याला दिसतो आणि डॉक्टर त्याला 'प्रमाणात' राहायला सांगतात. इथे वुल्फचा नेम राजकारणावर आहे. १९२२ मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याच्या समितीचा अहवाल आला होता: युद्धातला मानसिक धक्का हा आजार की भेकडपणा, याची चौकशी. कादंबरीच्या शेवटच्या मेजवानीत सेप्टिमसचा डॉक्टर खासदार डॅलोवेशी याच विषयावरच्या विधेयकाबद्दल बोलतो. एक माणूस दुपारी खिडकीतून उडी मारून मेलाय आणि संध्याकाळी तो विधेयकातल्या तरतुदीचा मुद्दा झालाय. युद्धाबद्दल, सत्तेबद्दल इतकं धारदार लिहिणाऱ्या बाईला 'अराजकीय' म्हणणारी पाठ्यपुस्तकं अजून वापरात आहेत, याचं आश्चर्य वाटतं.

जॉइस आयरिश, कॉनरॅड पोलिश. मग 'इंग्रजी' कादंबरी कसली?

इंग्रजी भाषेतली, एवढंच. उलट बाहेरच्यांनीच तिला हलवलं. कॉनरॅड १८९० मध्ये बेल्जियमच्या राजाच्या खाजगी मालकीच्या काँगोत बोटीवर काम करून आला आणि त्यातून 'हार्ट ऑफ डार्कनेस' (१८९९) लिहिली. साम्राज्याचा ढोंगीपणा त्याने उघडा पाडला. आफ्रिकेतली माणसं मात्र पार्श्वभूमीच राहिली, हा नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबेचा आक्षेप टाळता येत नाही. जॉइसची 'युलिसिस' १९२२ मध्ये, आयर्लंड स्वतंत्र होत असतानाच, पॅरिसमधून प्रसिद्ध झाली. ज्यांच्यावर इंग्रजी लादली गेली त्यांच्यातल्या एकाने तिचे सगळे अलंकार एकाच पुस्तकात चढवून उतरवले.

फॉर्स्टरच्या भारतावरच्या कादंबरीचा मराठीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर पहिल्यांदा १९१२-१३ मध्ये भारतात आला, परत जाऊन 'अ पॅसेज टु इंडिया' सुरू केली आणि अडकला. १९२१ मध्ये तो पुन्हा आला तो देवास थोरली पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून. माळव्यातलं हे पवारांचं मराठा संस्थान. महाराज तुकोजीराव तिसरे हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. त्यांचाच मुलगा पुढे कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून दत्तक गेला.

देवासला फॉर्स्टरने गोकुळाष्टमीचा उत्सव जवळून पाहिला: गोंधळ, लोणी, गुलाल, टाळ-मृदंग आणि भक्तीत हरवलेले महाराज. कादंबरीचा तिसरा भाग, 'मंदिर', यातूनच उभा राहिला. त्यातले नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण आहेत आणि कृष्णजन्माच्या वेळी ते तुकारामाला बाप, आई, सर्व काही म्हणत नाचतात. ब्रिटिश अधिकारी आणि अलिगढी वळणाचे मुस्लिम मित्र एवढ्यावर फॉर्स्टरची कादंबरी अडून बसली होती. ती पुढे सरकली ती या मराठी दरबाराच्या अनुभवावर. गोडबोले यांचं चित्रण थोडं विनोदी, थोडं गूढ आहे आणि कोकणस्थ वाचकाला ते पटेलच असं नाही.

दोन भेटींच्या मध्ये १९१९ चं जालियनवाला बाग होऊन गेलं होतं. पहिल्या भेटीत सुचलेली, मैत्रीने दोन्ही समाज जवळ येतील अशी गोष्ट आता शक्यच नव्हती. १९२४ मध्ये कादंबरी आली तेव्हा शेवटच्या पानावर भारतीय डॉक्टर अझीझ आणि त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग यांचे घोडेच एकमेकांपासून दूर वळतात.

फॉर्स्टर १९७० पर्यंत जगला, पण १९२४ नंतर त्याने एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. पुरुषांमधल्या प्रेमावरची 'मॉरिस' १९१३-१४ मध्येच लिहून झाली होती. इंग्लंडमध्ये असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, आणि पुस्तक निघालं त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये. कायदा कादंबरीला कसा घडवतो याचा हा सर्वांत मुका पुरावा.

'लेडी चॅटर्लीज लव्हर'वरचा खटला इतका महत्त्वाचा का मानतात?

कारण त्यात कादंबरीपेक्षा वाचकाचाच न्याय झाला. लॉरेन्सने ती १९२८ मध्ये फ्लॉरेन्सला खाजगीरीत्या छापली होती. त्याची 'द रेनबो' आधीच १९१५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जाळली गेली होती. अश्लील प्रकाशनांबद्दलच्या १९५९ च्या नव्या कायद्याने दोन गोष्टी दिल्या: पुस्तक सबंध वाचून निर्णय करायचा आणि साहित्यिक मूल्याबद्दल तज्ज्ञांची साक्ष घ्यायची. पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने लगेच कादंबरी साडेतीन शिलिंगांना छापायला घेतली.

१९६० मध्ये सरकारी वकिलाने ज्युरींना विचारलं की हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचावं असं तुम्हाला वाटेल का? त्या प्रश्नावर सरकारी पक्ष तिथेच हरला असं म्हणतात. महाग आवृत्ती सभ्य गृहस्थांच्या कपाटात चालली असती. भीती होती ती साडेतीन शिलिंगांची. साक्षीदारांत एक्याऐंशी वर्षांचा फॉर्स्टरही होता. २ नोव्हेंबर १९६० ला पेंग्विन निर्दोष सुटलं.

याच कादंबरीवरून मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर आणि त्याच्या भागीदारांवर खटला झाला. मुल्कराज आनंद यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली. प्रत्येकी २० रुपये दंड झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ मध्ये 'उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात शिक्षा कायम राहिली. इंग्लंडने टाकून दिलेली अश्लीलता ठरवण्याची १८६८ ची कसोटी आपल्या न्यायालयाने उचलून धरली आणि ती २०१४ पर्यंत वापरात राहिली.

तिशीच्या दशकातली मंदी कादंबरीत कुठे दिसते?

वॉल्टर ग्रीनवुडच्या 'लव्ह ऑन द डोल' (१९३३) मध्ये सर्वांत थेट. सॅलफर्डची बेकारी आणि घरात शिरून मिळकत तपासणारे सरकारी लोक. जॉर्ज ऑर्वेलचं या काळातलं चांगलं लेखन मला कादंबऱ्यांपेक्षा वृत्तांतांत दिसतं. त्याची 'ॲनिमल फार्म' मात्र राजकारणाने प्रकाशन कसं अडतं याचा धडा आहे: सोव्हिएत रशिया युद्धात मित्र होता म्हणून एकामागून एक प्रकाशकांनी नाकारली आणि ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपतासंपता, ती बाहेर आली.

आणि युद्धानंतर?

१९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत केलं आणि लॉरेन्ससारखी मुलं हळूहळू विद्यापीठात पोचू लागली. किंग्जली अ‍ॅमिसची 'लकी जिम' (१९५४) आणि ॲलन सिलिटोची 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९५८) यांतल्या पहिलीमागे हा वर्ग आहे; दुसरी मात्र चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात गेलेल्या लेखकाची आहे. १९४८ मध्ये 'विंडरश' जहाजाने कॅरिबियन बेटांवरची माणसं लंडनला आणली आणि सॅम सेल्व्हनने 'द लोनली लंडनर्स' (१९५६) लिहिली. त्याने आधी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिलं, जमेना, मग निवेदनच त्रिनिदादच्या बोलीत वळवलं. या सगळ्या टप्प्यातलं मला हे सर्वांत मोठं पाऊल वाटतं: बोली संवादातून निघून निवेदकाच्या तोंडी आली.

मराठी कादंबरीवर यातल्या कशाचा प्रभाव पडला?

हरिभाऊ आपट्यांच्या पिढीने आधुनिकतावाद्यांच्या आधीची इंग्रजी कादंबरी वाचली. त्यांच्या 'मधली स्थिती'ला व्हिक्टोरियन काळातल्या लोकप्रिय लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार होता. वुल्फ-जॉइस यांची धाटणी मराठीत जाणीवपूर्वक आणली ती बा. सी. मर्ढेकरांनी, 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये. ती वाचायला सोपी नाही आणि पूर्ण यशस्वीही नाही, पण इंग्लंडमध्ये राहून आलेल्या कवीने आपल्या शहरी मध्यमवर्गावर ते तंत्र वापरून पाहिलं, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

कुठून वाचायला सुरुवात करावी?

'सन्स अँड लव्हर्स'पासून. तंत्राचा अडसर कमी आणि घर ओळखीचं. मग 'अ पॅसेज टु इंडिया', त्यानंतर 'मिसेस डॅलोवे', आणि ती शक्य तर सलग दोन बैठकांत, नाहीतर धागा तुटतो. 'युलिसिस' शेवटी, जोडीला एखादं मार्गदर्शक पुस्तक घेऊन. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे लॉरेन्स, कॉनरॅड, जॉइस आणि वुल्फ इंटरनेटवर कायदेशीरपणे फुकट वाचता येतात. फॉर्स्टर १९७० मध्ये गेला, म्हणून त्याचं पुस्तक २०३० अखेरपर्यंत विकत घ्यावं लागेल किंवा वाचनालयातून आणावं लागेल.